मदत हवी आहे: आईबाबांचं लग्न झालेलं नाही, फॅफ्सा कसा भरायचा?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असते, भाचीचा फॅफ्सा (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरायला बसलेय. तिचे आईबाबा लग्न न करता 20 वर्षं एकत्र राहतायत, टॅक्स वेगवेगळा भरतात. एका घरात राहणारे असतील तर लग्न असो-नसो, दोघांची माहिती, फॉर्मच्या वेबसाइटवर दोघांची वेगळी खाती आणि टॅक्सची माहिती घ्यायला दोघांची संमती लागते, इतकं कळलं. (वेगळे राहत असते तर गेल्या 12 महिन्यांत तिचा जास्त खर्च उचलणाऱ्याचीच.)

पण बाबाची नोकरी आता दुसऱ्या राज्यात, शनिवार-रविवारी घरी येतो. कपडे, औषधं, पत्रं सगळं इथेच. मग 'एकत्र राहतात' लिहायचं ना? पोरीला खोटं काही लिहायचं नाहीये. काल त्या प्रश्नापाशी आली आणि लॅपटॉपच मिटून ठेवला तिने.

असा फॉर्म कुणी भरलाय का? कॉलेजने नंतर कुठले कागद मागितले?