टर्कीची मादी आणि पिल्ले: अंगणातला बंदोबस्त

मादी नऊ पिल्ले घेऊन रात्री लिंबाखालीच बसते, तिला तशीच राहू द्यावी का, या इथे विचारलेल्या प्रश्नावर आतापर्यंतची उत्तरे कुत्र्यांपासून राखण करण्यापुरतीच आहेत. माझ्या अनुभवात मुंगूस, मांजर आणि घूस यांनीच जास्त नुकसान केले आहे. परभणीकडच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, खुराड्याला नुसती कोंबडीजाळी मारून मी निर्धास्त झालो होतो, परंतु घुशीने खालून माती उकरली आणि सकाळी पाहिले तेव्हा मादी पंख पसरून कोपऱ्यात उभी होती व तिच्याखाली चारच पिल्ले उरली होती. तेव्हापासून मी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वीतभर जमिनीत पुरूनच उभी करतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गावरान कोंबड्या जिथे फिरतात तिथे ही पिल्ले सोडू नयेत, कारण कोंबड्यांच्या जंतांच्या अंड्यांतून आणि गांडुळांतून टर्कीला ब्लॅकहेड हा रोग होतो, ज्यात कोंबडी बहुधा धडधाकट दिसते आणि टर्की मात्र गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकून मान टाकते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते व ती मादीच्या पंखाखाली मिळते. मात्र वळिवाच्या पावसात भिजलेले पिल्लू सहसा वाचत नाही, म्हणून आभाळ भरून येताच सगळ्यांना पत्र्याखाली कोरड्या तुसावर घ्यावे. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत.