बाळाच्या गोधडीचं अस्तर गोळा झालंय, उसवू का?

मोठीताई
धाकट्या बहिणीला दीड महिन्यात बाळ होणार आहे. तिला कळू न देता गोधडी शिवतेय. आजवर उशीचे अभ्रे सोडून काही शिवलेलं नाही, तेव्हा हसू नका.

साडेसहा इंचांचे ३६ चौकोन कापले. सहा बाय सहा जोडून साडेछत्तीस इंच भरायला हवं होतं, पण पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) धरत गेले आणि गाडी ३४ वर आली. ते चालेल, बाळ काही टेप घेऊन मोजणार नाही.

खरं दुखणं पुढे आहे. मध्ये सुती बॅटिंग (आत घालायचा जाड मऊ थर), खाली पिवळं अस्तर, तिन्ही बरोब्बर एकाच मापाचे कापले. कडेपासून हाताने धावदोरा घालत आत आले. वरून बघितलं तर दृष्ट काढावी असं, उलटं केलं तर अस्तराला तीन ठिकाणी चुण्या, आणि एका कोपऱ्यात अस्तर चक्क संपलंय. चार संध्याकाळी गेल्यात यात. उसवू, की चुण्यांवर कापडाचं फूल शिवून झाकू?

(पहिल्या दिवशी माझा कुर्ताही गोधडीला शिवला होता. तो सोडवला.)

उरेबपट्टी
उसवा. फुलाखाली चुणीचा गठ्ठा तसाच राहतो, आणि बाळ पालथं पडायला लागलं की नेमका तिथेच गाल टेकेल.

अस्तर आणि बॅटिंग वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठी हवीत, म्हणजे तुमच्यासाठी ३८ बाय ३८. शिवताना थर सरकतात. शिवाय सुरुवात मधून करायची आणि कडेकडे जायचं. कडेपासून आत आलं की सैल कापडाला पळायला वाट राहत नाही, मग ते मध्ये गोळा होतं.

नवीन अस्तर फरशीवर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताठ हवं, ताणलेलं नको. ताणलेलं कापड पट्टी काढताच आखडतं आणि पुन्हा तेच रडगाणं. त्यावर बॅटिंग, त्यावर चौकोन, मग चार-चार बोटांवर मोठे कच्चे टाके. आधी हे सगळं, धावदोरा नंतर. बॅटिंग टाकून देऊ नका. तिला पट्ट्या जोडून वाढवा, फक्त कडेला कड भिडवून सैल टाक्यांनी. एकावर एक चढवलंत तर तिथे उंचवटा येईल.

दोरा दीड फुटाहून लांब घेऊ नका, गुंततो. गाठ हलकेच खेचून बॅटिंगमध्ये लपवा.

सुईत दोरा
कापडं आधी धुतली होतीत का?

मोठीताई
नाही. 🙈 कोऱ्या कापडाची करकर छान वाटत होती.

सुईत दोरा
मग थोडं आटणार, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. थोड्या सुरकुत्या येतील, गोधडीला त्या शोभतात. मला भीती रंगाची आहे. लाल किंवा गडद निळा चौकोन असेल तर पांढरं फडकं कोमट पाण्यात भिजवून त्यावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो चौकोन आत्ताच बदला. माझ्या भाच्याच्या गोधडीतल्या एका लाल तुकड्याने सगळे पांढरे ससे गुलाबी केले होते. नवं अस्तर मात्र धुऊनच कापा.

कडेच्या पट्टीसाठी उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड लागतं असं कोणी सांगेल. सरळ कडांना आडव्या-उभ्या धाग्याची पट्टी पुरते, उरेब लागतं ते गोलाईला. तुम्हाला १३६ इंच आणि जोडांसाठी वर दहाएक.

रात्रपाळी
बटणं, टिकल्या, रिबिनी काही लावू नका, आणि उलट बाजूला दोऱ्याची मोकळी शेपटी ठेवू नका. तान्ह्याच्या बोटाला दोरा गुंडाळला जातो आणि घरच्यांना कळतही नाही.

आणि बहिणीला सांगा, बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना ही त्याच्या अंगावर किंवा पाळण्यात नको. नाकातोंडावर आली तर त्याला ती बाजूला करता येत नाही.

मोठीताई
मग वर्षभर कपाटात ठेवायची?

रात्रपाळी
कपाटात कशाला? जमिनीवर अंथरा. जागं असताना, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना पालथं घालायला याहून चांगली जागा नाही. आणि टाचण्या लावल्यात ना? मोजा.

मोठीताई
बारा दिवसांनी आलेय. सगळं उसवलं, त्यालाच दोन संध्याकाळी लागल्या. नवं अस्तर धुऊन ३८ इंचांचं कापलं. बैठकीच्या खोलीत फरशीला चिकटवलं तेव्हा नवरा दारातच चपला हातात घेऊन उभा, कुठून जाऊ विचारत. मधल्या चौकोनापासून निघाले. आता उलट बाजूला एकही चुणी नाही. लालने रंग सोडला, दोन चौकोन बदलले.

टाचण्या मोजल्या. डबीत ५० होत्या, भरल्या ४९. सोफा उचलला, केरसुणी फिरवली, काही नाही. शेवटी फ्रीजवरचं लोहचुंबक काढून गोधडीवरून चौकोन-चौकोन फिरवलं. चौथ्या ओळीत ते टकन चिकटलं. चौकोन जोडताना मायेत राहिलेली, वर कापड, खाली बॅटिंग, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तिथली दोन बोटं शिवण उसवून काढली. आता पट्टी लावायला घेतेय.