शब्दचर्चा : प्रकाश-उत्प्रेरक, विघटन, शुद्धीकरण

प्रश्न : कापडरंगाईच्या सांडपाण्यावर लेख लिहिते आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर चांदीचे नॅनोकण बसवून केलेल्या ‘फोटोकॅटॅलिस्ट’ला ‘प्रकाश-उत्प्रेरक’ म्हटलं, तर प्रकाशालाच चालना देणारा असा अर्थ होईल का? आणि ‘रंगाचं विघटन झालं’ म्हणू की ‘पाणी शुद्ध झालं’?

प्रतिसाद : ‘प्रकाश-उत्प्रेरक’ बिनधास्त वापरा. ‘उत्प्रेरक’ शाळेपासून ओळखीचा आहे, आणि समास ‘प्रकाशाने काम करणारा उत्प्रेरक’ असाच सुटतो. मात्र ‘चांदीचा प्रकाश-उत्प्रेरक’ लिहू नका. इथे मूळ उत्प्रेरक टायटॅनियम डायऑक्साइड आहे. त्याच्या ॲनाटेज रूपाला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के असतो. प्रकाशाने उसळलेला इलेक्ट्रॉन लगेच परत जागेवर पडू पाहतो. चांदीचा कण त्याला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार करायला सवड मिळते. हे रॅडिकल रंगाचा रेणू तोडतात. तेव्हा ‘चांदीची जोड दिलेला प्रकाश-उत्प्रेरक’ म्हणा.

‘नॅनोकण’च ठेवा. ‘अब्जांश’ अर्थाने अचूक आहे, पण ‘अब्जांशकण’ वाचताना अडखळायला होतं.

दुसरा प्रतिसाद : खरी काळजी दुसऱ्या प्रश्नात घ्यायला हवी. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या द्रावणात उत्प्रेरकाची पूड टाकली की दिवा लावायच्या आधी ते बऱ्याचदा अर्धा तास अंधारात ढवळतात. कारण काही रंग नुसता पुडीच्या पृष्ठभागावर चिकटतो. पाणी फिकं होतं आणि पूड निळी! हे ‘अधिशोषण’. त्याला विघटन म्हणणं चूकच, आणि ‘शोषण’ म्हटलं तर रंग पुडीच्या आत मुरला असं वाटतं.

पुढे दिव्याखाली निळेपणा जातो, तेव्हा रेणूचा रंग देणारा भाग मोडलेला असतो. त्याला ‘रंग जाणं’ म्हणावं. तुकडे पाण्यातच असू शकतात. ॲझो रंगांच्या (ज्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंची जोडी असते) तुकड्यांत काही घातक ॲरोमॅटिक अमाइन असण्याची शक्यता असते. सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन गेला, तर ते ‘खनिजीभवन’. ते डोळ्यांना दिसत नाही, एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.

आणि ‘शुद्ध’ तर अजून फार लांब. रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या, रंगाईत मीठ भरपूर वापरतात, आणि प्रकाश-उत्प्रेरक मिठाला हातही लावत नाही. इचलकरंजीसारख्या गावात, जिथे कापड-प्रोसेसच्या (धुलाई-रंगाईच्या) सांडपाण्यावरून पंचगंगेकाठी इतकी वर्षं ओरड आहे, तिथल्या वाचकाला ‘पाणी शुद्ध झालं’ हे वाक्य फसवेल. शिवाय वापरलेली पूड गाळून परत काढावी लागते. चांदी पाण्यात सुटली तर ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) जैविक टाकीतले जिवाणूही मरू शकतात.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : ‘चांदीची जोड दिलेल्या प्रकाश-उत्प्रेरकाने सूर्यप्रकाशात सांडपाण्यातला रंग घालवला, खनिजीभवन किती झालं ते मोजलेलं नाही.’

दुसरा प्रतिसाद : छान. फक्त मूळ प्रयोग बघून घ्या, ताई. दिवा अतिनील असेल तर ‘सूर्यप्रकाशात’ काढा. आणि द्रावण मिथिलीन ब्ल्यू विरघळवून केलेलं असेल, तर ‘सांडपाणी’ऐवजी ‘रंगीत द्रावण’ लिहा. खऱ्या सांडपाण्यात मीठ, साबण, खळ सगळं असतं आणि तिथे हाच उत्प्रेरक बराच मंदावतो.