सल्ला हवा: फोर बाय फोरला मोठे टायर आणि लिफ्ट, कायद्यात कुठवर बसतं?

घाटवेडा:
माझ्या गाडीचे कंपनीचे २६५/६५ आर१७ टायर (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची) झिजलेत. बदलायचेच आहेत तर २८५/७० आर१७ ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टाकावेत आणि सोबत गाडी उंच करणारं दोन इंचांचं लिफ्ट किट बसवावं, असं डोक्यात आहे. खडकाळ वाटेवर दोनदा गाडीचं पोट टेकलं, म्हणून हा विचार. गॅरेजवाला म्हणतो, "सगळे करतात, कोणी विचारत नाही." मला मात्र कायद्यात बसेल तेवढंच करायचंय. कुठवर चालतं?

कातळवाट:
भारतात चालवत असाल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने यात मोकळीक दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे नीट वाचा, तुमचे दोन बदल आहेत.

माझा सल्ला: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी कोणता साइज देते ते बघा, त्याच्या पुढे जाऊ नका.

दूरदेशी:
मी ऑस्ट्रेलियात चालवतो. इथे मर्यादा मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे बोलणं सोपं होतं. व्हीएसबी १४ या राष्ट्रीय संहितेप्रमाणे फोर बाय फोरच्या टायरचा एकूण व्यास, कंपनीने गाडीच्या प्लेटवर लिहिलेल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा ५० मिमीपर्यंतच जास्त चालतो. तुमचा हिशेब करून पाहिला. २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२.२५, त्याची दुप्पट ३४४.५, त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवले की ७७६.३ मिमी. २८५/७० चा व्यास येतो ८३०.८. फरक ५४.५. म्हणजे इथल्या सैल नियमातही तो बसत नाही! २६५/७० घेतलात तर फरक २६.५ वर येतो.

स्पीडोमीटरचंही बघा. व्यास सात टक्के वाढला की आधी शंभर दाखवताना असायचा त्यापेक्षा खरा वेग सात टक्के जास्त. संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. कंपन्या मीटर थोडं चढं ठेवतात, त्यात दोन-तीन टक्के खपून जातात. सात खपतीलच असं नाही.

घाटवेडा:
हिशेबाबद्दल मनापासून आभार. टायरचं पटलं. पण लिफ्टमध्ये एवढं काय वाईट? दोनच इंच आहेत.

पाटे_आणि_शॉकअप:
पोट टेकलं म्हणता, पण नेमकं काय टेकलं? खाली वाकून ओरखडे बघा. मागच्या सलग धुऱ्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा घासला असेल तर लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. लिफ्टने बॉडी वर जाते, धुरा होता तिथेच राहतो. धुरा वर न्यायला टायरच मोठा लागतो, आणि तोही व्यासाच्या निम्माच उचलतो. २६५/७० ने जेमतेम १३ मिमी मिळतील.

पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं) असेल तर दोन इंचांत एक्सलचा कोन बदलतो, सीव्ही जॉइंट (एक्सलचे वळणारे सांधे) आणि त्याचे रबरी बूट लवकर जातात. शॉकअप जुनाच ठेवून स्प्रिंगवर नुसता स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घातला तर चाक खाली सुटायची जागा कमी होते, आणि खड्ड्यात नेमकी तीच हवी असते. ब्रेकचा होज ताणला जातो. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वळणावर गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कंपनीच्या उंचीला बेतलेली असते. कायदा उगाच कडक नाही हो, घाटात समोरून येणाराही त्यात धरलेला आहे.

माझ्या एका मित्राच्या लिफ्ट केलेल्या गाडीला अपघात झाला. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने पहिला फोटो टायरच्या साइजचा काढला आणि दुसरा स्पेसरचा. दावा महिनोन् महिने अडकला. गॅरेजवाल्याचं "कोणी विचारत नाही" तोवरच खरं असतं.

आता करायचं काय? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना मापा आणि कंपनीच्या मापाशी ताडा. जुन्या गाडीचे स्प्रिंग बसलेले असतात. कंपनीचेच नवे घातले की गेलेली उंची परत मिळते, आणि तो बदल धरला जात नाही, ती दुरुस्ती. टायर त्याच साइजचे, पण ऑल-टेरेन. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्याइतका किंवा जास्त घ्या. जुन्यावर ११२ असेल तर एका टायरला ११२० किलो. उरलेल्या पैशांत चांगली स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा.

घाटवेडा:
आज मापलं. मागे डावीकडे २२ मिमी कमी, उजवीकडे १८. ओरखडे डिफरन्शियलवर नाहीत, मधल्या क्रॉसमेंबरवर (चेसिसच्या आडव्या दांड्यावर) आहेत. लिफ्ट किटची ऑर्डर रद्द केली. मागचे स्प्रिंग कंपनीचेच मागवतोय. २६५/६५ मध्ये बाजू जाड असलेला ऑल-टेरेन कोणी वापरला असेल तर पावसातल्या ब्रेकिंगचा अनुभव इथेच लिहा.