'चामा' म्हणजे भिशी की बचत गट?

शेवंती_७
केनियातल्या बायकांच्या गटांवरचा एक अहवाल मराठीत करतेय. पानोपानी 'चामा' येतो. दहा-पंधरा जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, सगळी जमा एकीला मिळते, पुढच्या महिन्यात दुसरीला. या फिरत्या पाळीला तिकडे 'मेरी-गो-राउंड' म्हणतात. मी सरळ 'भिशी' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'स्वयंसहाय्यता बचत गट' केलं, वर शेरा : भिशी उथळ वाटते. सोमवारी मजकूर द्यायचाय.

पाटावरवंटा
भिशीच! उथळ काय त्यात? आईने माझी अकरावीची फी भिशीतून भरली. चाळीत चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि सगळ्यांत लहान पोराने उचलायच्या. ते पोर बहुधा मीच. एकदा मी आईचीच चिठ्ठी काढली, तर आठवडाभर नळावर आमच्याशी कोणी बोलेना.

नैरोबीहून_परत
तिथे ९ वर्षं काढली, म्हणून बोलतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मामा (हसू नका, तिकडे पोक्त बाईला आदराने 'मामा' म्हणतात) चामात होत्या. आपली भिशी लागली की हिशोब मिटला. त्यांनी मात्र दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवून मांडव आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या होत्या, लग्नाला-मयतीला भाड्याने द्यायला. बैठकीला उशीर झाला की दंड, आणि तो वहीत. बरं, फक्त बायकाच असतात असं नाही. ऑफिसातले बाप्येही चामा करून प्लॉट घेतात. बचत गट म्हटलं की मराठी वाचकाला बँक, अनुदान आणि पापड दिसणार. चामात यातलं काही असेलच असं नाही.

साक्षेपी
परभाषेचा किंवा बोलीचा आधार कशाला? 'आवर्ती संचय मंडळ' म्हणा.

पाटावरवंटा
साक्षेपीकाका, एवढं म्हणेपर्यंत हप्त्याची तारीख उलटेल.

बांधावरून
'इर्जिक' का नको? एकाच्या रानात सगळ्या गावाची औतं आणि वर जेवण. आमचे आजोबा इर्जिकीच्या जेवणाचं इतकं सांगायचे की नांगरट झाली का, हे विचारायचं राहून जायचं.

नैरोबीहून_परत
इर्जिकीत अंगमेहनत असते हो, हप्ता नसतो. ती 'हरांबे'ला शोभेल. १९६३ला केनियाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा पंतप्रधान जोमो केन्याटांनी हाच नारा दिला, देशाच्या राजचिन्हावरही तोच आहे. अर्थ : सगळे मिळून ओढा. गावोगावी वर्गणी काढून बांधलेल्या शाळांना 'हरांबे शाळा'च म्हणायचे.

भवानीभक्त
हा आपलाच शब्द! केनियातली रेल्वे बांधणारे हिंदी मजूर रूळ उचलताना 'हर हर अंबे' म्हणायचे, त्याचं झालं हरांबे.

खडूफळा
ही गोष्ट मोम्बासापासून पुण्यापर्यंत सगळे सांगतात. ती रेल्वे १८९६ ते १९०१ मधली, मजूर मुख्यतः पंजाबातले, त्यांत मुसलमानही पुष्कळ. ते कशाला अंबेला हाक मारतील? किनाऱ्यावरच्या हमालांची अशीच हाळी होती असंही सांगतात. आपला शब्द हवाच असेल तर त्यांच्या स्वाहिली भाषेतला 'पेसा' घ्या, तो खरंच पैशावरून गेलाय. २००७ला आलेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीमुळे चामाचा हप्ताही आता फोनवरून जातो.

भवानीभक्त
बरं, मग टांझानियातल्या पक्षाचं नाव 'चामा चा मापिन्दुझी', क्रांतीचा पक्ष. हा 'चा' कुठून आला?

खडूफळा
योगायोग. अनेकवचन 'व्यामा' झालं की तो 'व्या' होतो. मागच्या नामाप्रमाणे बदलतो, आपल्या चा-ची-चे सारखाच, हे गमतीचं खरं. पण त्यांचा उच्चार 'चार'मधल्या 'च'चा आणि आपला 'घरचा'मधल्या.

साक्षेपी
हा फरक लिपीत दाखवत नाही तोवर मराठीचं काही खरं नाही. यावर वेगळा धागा काढतो.

शेवंती_७
मंडळी, सोमवार!

पाटावरवंटा
भिशी लिही गं, आणि खुर्च्यांचं खाली टीपेत टाक. पण मला सांगा, भिशी आली कुठून? कोणी 'वीस'वरून म्हणतं. आमच्या भिशीत तर बाराच बाया होत्या.