मध्य पुण्यातील हरवलेल्या आणि बदललेल्या वाड्यांचा माग कसा काढावा?

पेठेबाहेरचा (प्रश्न)

नमस्कार. माझे पणजोबा १९२० च्या सुमारास बुधवार पेठेतील एका वाड्यात दोन खणांच्या (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) बिऱ्हाडात भाडेकरू म्हणून राहत होते. घरात त्या वास्तूचा उल्लेख नेहमी नुसता ‘थोरला वाडा’ असा होत असे. तो कोणाचा होता, हे विचारायला हवे असे वाटण्याच्या वयात आम्ही पोहोचलो, तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. त्या एका वाड्याच्या शोधापायी मी गेले वर्षभर अप्पा बळवंत चौक ते मंडई या पट्ट्यात दर रविवारी हिंडतो आहे. आता एका वाड्यापुरता हा शोध राहिलेला नाही. या भागात पूर्वी काय उभे होते, त्यातले काय पडले आणि काय रूप पालटून अजून उभे आहे, याची एक विश्वासार्ह यादी करावी, असे मनात आहे.

अडचण अशी की, एकाच इमारतीला शेजारचे तीन दुकानदार तीन नावांनी ओळखतात. समोरून १९५० नंतरची वाटणारी सिमेंटची इमारत बोळातून मागे गेल्यावर एकदम सागवानी खांबांची आणि कडीपाटाची, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छताची, निघते. उलट, जिला सगळे ‘पेशवेकालीन’ म्हणतात ती कधीकधी शंभर वर्षांचीही नसावी, असा संशय येतो. अशा वेळी शोधाची सुरुवात कोठून करावी, कोणत्या पुराव्यावर किती विसंबावे आणि ‘हरवलेली’ व ‘बदललेली’ यांमधली रेघ कोठे ओढावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कडीपाट

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि पेठांमधील काही वाड्यांची मोजणी मी स्वतः केली आहे, म्हणून दगड-लाकडापुरते बोलतो. कागदपत्रांचे जाणकार येथे दुसरे आहेत.

पेठेतली इमारत वाचताना दर्शनी भाग सर्वांत शेवटी पाहावा. रस्तारुंदीत पुढचे एक-दोन खण कापले गेले की मालक नवा दर्शनी भाग बांधत, खाली दुकानांचे गाळे काढत, आणि मागचा चौक मात्र होता तसाच राहत असे. त्यामुळे तुम्हाला आलेला अनुभव हा अपवाद नसून जवळपास नियमच आहे. आत गेल्यावर प्रथम जोते, म्हणजे इमारतीचा दगडी चौथरा, पाहावे; घडीव दगडाचे थर किती आहेत आणि ते शेजारच्या मिळकतीत तसेच पुढे जातात का, हे तपासावे. जोते दोन मिळकतींत सलग असेल, तर आज वेगळ्या दिसणाऱ्या त्या दोन इमारती एकाच वाड्याच्या वाटण्या आहेत, असे बहुधा निघते. त्यानंतर तळखड्यांमधील, म्हणजे खांबांखालच्या दगडी बैठकींमधील, अंतर टेपने मोजावे. एका वाड्यात खणाचे माप सहसा फारसे बदलत नाही, त्यामुळे ते जेथे अचानक बदलते तेथे नंतरची भर घातली असावी, असे धरून पुढे शोधावे.

मात्र कोरीव सुरूचे (सुरूच्या झाडासारख्या आकाराचे) खांब आणि केळफुलांच्या महिरपी पाहून लगेच हुरळून जाऊ नये. पडलेल्या वाड्यांचे सागवान वखारीत विकले जाते आणि तेथून ते दुसऱ्या घरांत, बंगल्यांत, अलीकडे तर हॉटेलांतही जाऊन बसते. खांब अडीचशे वर्षांचा म्हणून घरही तेवढ्याच वयाचे, असे होत नाही.

चार उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवा. आजचा लाल महाल पाहून अनेकांना वाटते की शाहिस्तेखानावरचा १६६३ चा छापा याच भिंतींत पडला. प्रत्यक्षात मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला असून आजची वास्तू महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याला १३ मे १८७९ च्या आगीची झळ लागली, त्याच्या दर्शनी भागाची हानी झाली आणि लोकवर्गणी व नगरपालिकेचा पैसा यांतून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्याच रात्री पेटवलेला बुधवार वाडा मात्र पुरता जळाला. नाना वाड्यात पेशवाईतले लाकडी बांधकाम आणि इंग्रजी अमदानीतली दगडी इमारत एकाच आवारात उभी आहेत. म्हणजे एक पुन्हा बांधलेली, एक दुरुस्त केलेली, एक समूळ गेलेली आणि एक भर पडलेली. ‘हरवलेली’ आणि ‘बदललेली’ एवढे दोनच रकाने केलेत, तर या चार वास्तू तुम्ही कोठे बसवणार? माझ्या यादीत तरी मी प्रत्येक मजल्याची आणि प्रत्येक चौकाची स्थिती वेगळी लिहितो.

मोडीवाचक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सुरुवात वास्तूपासून न करता जमिनीपासून करावी, असे माझे मत आहे. वाडा पडतो, जळतो, विकला जातो, त्याचे नाव पालटते. जमिनीच्या तुकड्याची हद्द मात्र फार चिवट असते. त्यामुळे नावाच्या मागे न लागता सिटी सर्व्हे नंबराच्या, म्हणजे नगर भूमापनात प्रत्येक मिळकतीला दिलेल्या क्रमांकाच्या, मागे लागावे. तुमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक मिळकतीचा नंबर आधी लावून घ्या, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि शक्य झाल्यास त्यामागची चौकशी नोंदवहीही पाहा. पत्रिकेवर धारकांची नावे आणि फेरफार क्रमाने दिसतात, तर चौकशी नोंदवहीत त्या वेळी हक्क कसा सिद्ध केला, याचा उल्लेख असतो आणि कित्येकदा तेथेच जुन्या सनदेचा किंवा खरेदीखताचा धागा हाती लागतो. नंबरांची फोड आणि एकत्रीकरण यांमुळे थोडा घोळ होतो, म्हणून नकाशा जवळ ठेवल्याशिवाय पत्रिका वाचायला बसू नये. मी स्वतः ही चूक केली होती आणि दोन महिने भलत्याच मालकाची वंशावळ जुळवत बसलो होतो.

नावांवर विसंबल्यास काय होते, याचे एक ठळक उदाहरण देतो. ‘केसरी’ची कचेरी म्हटले की आपल्याला नारायण पेठेतला केसरीवाडा आठवतो. तो मुळात बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा आणि टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला. त्यापूर्वी टिळकांचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या विंचूरकरवाड्यात होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद टिळकांकडे उतरले होते, ते याच वाड्यात. तेव्हा एखाद्याच्या आठवणीत १८९५ साली ‘टिळकांच्या वाड्यावर गेलो’ असे वाक्य आले आणि तुम्ही ते केसरीवाड्यावर नोंदवले, तर तुमची नोंद एका पेठेने चुकली. शिवाय गायकवाडवाडा या नावाने शोधणाऱ्याला केसरीवाडा सापडत नाही आणि केसरीवाडा शोधणाऱ्याला १९०५ च्या अलीकडचेच सारे सापडते. जमीन तीच, नावे दोन, आणि तिसरे नाव दुसऱ्याच जमिनीवरचे.

चौकांच्या नावांचा उपयोग करावा, पण जपून. अप्पा बळवंत चौकाचे नाव सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून पडले आणि त्यांचा वाडा तेथेच होता. फडके हौद हे नाव तर आज हौद दिसत नसतानाही पत्त्यात जिवंत आहे. फरासखाना म्हटले की आपल्याला पोलीस चौकी आठवते, पण तो शब्द तंबू, जाजमे, बिछायती ठेवण्याच्या कोठाराचा आहे. बटाट्या मारुती हे नाव शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे, त्या काळाची खूण आहे. १८८६ मध्ये रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिल्यावर तो बाजार तिकडे गेला. अशी नावे ‘येथे कधीकाळी काहीतरी होते’ एवढेच सांगतात. ते नेमके किती फुटांवर होते, हे त्यांच्याकडून वदवून घेऊ नये.

आता एक साधन सांगतो, जे फारसे कोणी वापरत नाही. १८६७ च्या छापखानाविषयक कायद्यामुळे प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक झाले. पुण्यातले छापखाने मुख्यतः बुधवार, सदाशिव, शनिवार आणि नारायण या पेठांमधल्या वाड्यांतच होते. त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठामागचे पान म्हणजे पत्त्यांची एक विखुरलेली वहीच आहे. पेठ, घरनंबर, कित्येकदा वाड्याचे नाव, आणि वर छपाईचे साल. एकाच छापखान्याची वीस वर्षांतली पुस्तके समोर ठेवली, की तो केव्हा कोणत्या वाड्यातून कोणत्या वाड्यात गेला हे समजते, आणि कधीकधी घरनंबर तोच राहून वाड्याचे नाव पालटलेले दिसते. मालकी बदलल्याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा आहे. याशिवाय ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘केसरी’ यांतल्या जाहिराती, १८८५ च्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे खंड आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने काढलेले ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ हे सारे पाहावेच. पेशवे दफ्तरातील मोडी कागद शेवटी घ्यावेत. त्यांत पेठ आणि माणूस सापडतो, पण आजच्या हद्दीशी त्यांची सांगड घालायला मधली सारी साखळी आधी हातात असावी लागते.

नदीकाठची

दोन्ही उत्तरे वाचली आणि दोन्हींत १२ जुलै १९६१ ही तारीख आली नाही, याचे आश्चर्य वाटले. त्या वेळी मी नऊ वर्षांची होते आणि आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्यानेही दम तोडला आणि नदीकडच्या पेठांमध्ये पाणी शिरले. आमच्या वाड्याचे जोते दगडी होते, पण वरच्या भिंती लाकडी चौकटीत कच्च्या विटा भरून केलेल्या होत्या. पाणी चढत असताना त्या उभ्या होत्या. पाणी उतरल्यावर विटांचा चिखल होऊन त्या खाली बसल्या आणि नुसते खांब-तुळया उरल्या. आमच्या गल्लीतली कित्येक घरे पुराच्या दिवशी नव्हे, तर पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या पावसाळ्यात पडली. त्यामुळे ‘पुरात गेला’ असे कोणी सांगितले, तरी पाडण्याचे साल १९६२ किंवा १९६३ निघू शकते.

आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. पेठेतल्या वाड्यांचे फोटो, भाडेपावत्या, लग्नपत्रिका आज त्या बाजूच्या माळ्यांवर आहेत, पेठेत नाहीत. रविवारी पेठेत हिंडता, तसे एखाद्या रविवारी तिकडेही जाऊन पाहावे.

आणखी एक गोष्ट, जी वास्तुरचनाकार मंडळी जरा हळू आवाजात सांगतात. पुराने नेले त्याहून अधिक वाडे गळक्या कौलांनी नेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी जागच्या जागी थिजली. आमच्या मालकांना मिळणाऱ्या साऱ्या भाड्यात वर्षाची कौले चाळून झाली असती, तरी पुष्कळ. मालक दुरुस्ती करीनात आणि भाडेकरू जागा सोडीनात. यात दोष कोणाचा, यावर आमच्या घरात वडील आणि काका यांचा मरेपर्यंत वाद चालला, आणि मला दोघांचेही पटत असे. तुमच्या यादीत ‘कारण’ असा रकाना असेल, तर त्यात नुसते ‘बिल्डरने पाडला’ असे लिहू नका. बिल्डर बहुतेक ठिकाणी शेवटच्या अंकात आला.

पेठेबाहेरचा

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पुस्तकांच्या पानांची युक्ती वाचून मी त्याच संध्याकाळी घरातली जुनी ट्रंक उघडली. पणजोबांच्या वेळच्या एका पंचांगावर छापखान्याचा पत्ता बुधवार पेठेचा आहे आणि त्यातला घरनंबर आजीच्या लग्नपत्रिकेवरच्या घरनंबराशी जुळतो. म्हणजे वाड्याच्या एका भागात छापखाना असावा, असे आता वाटू लागले आहे, आणि आजी ‘रात्रभर खडखड चालायची’ असे जे म्हणत असे, त्याचा अर्थही लागतो.

एक शंका उरते. भिडेवाड्याची नोंद कशी करावी? १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा जेथे सुरू केली ती ही वास्तू, दगडूशेठ गणपतीसमोरची. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडण्यात आली आणि त्या जागी स्मारक होणार आहे. पाडण्यापूर्वीही ती मोडकळीस आलेली होती. तिला ‘हरवलेली’ म्हणावे, तर जागा आणि स्मृती दोन्ही आहेत. ‘बदललेली’ म्हणावे, तर मूळचे काहीच उभे नाही.

कडीपाट

ती हरवलेली म्हणूनच नोंदवावी, आणि स्मारक ही नवी इमारत म्हणून वेगळ्या ओळीत घ्यावी, सिटी सर्व्हे नंबर तोच ठेवून. तसे केले नाही, तर पन्नास वर्षांनी कोणी लाल महालासमोर उभे राहून विचारतो तसेच तिच्यासमोरही विचारील, की शाळा याच खोलीत भरत होती का.

आपल्या थोरल्या वाड्याविषयी एक सुचवतो. छापखान्याची यंत्रे वजनदार असल्यामुळे ती तळमजल्यावरच बसवत, आणि त्यांच्याखाली बहुधा वेगळी दगडी बैठक करून घेत. घरनंबरावरून आजची मिळकत निश्चित झाली, की मागच्या बाजूला फरशीच्या पातळीत कोठे उंचवटा किंवा वेगळ्या जातीचा दगड आहे का, ते पाहावे. दुकानदाराने परवानगी दिली तर मला कळवावे, टेप घेऊन मीही येतो.