टायगर नर्फ (मुद्दाम कमजोर) करायचा का? कुर्स्कच्या नकाशावरून पडलेला प्रश्न

तोफखाना:
आम्ही काही मित्र दुसऱ्या महायुद्धावरच्या एका गेमसाठी कुर्स्कचा नकाशा बनवतोय, जुलै १९४३ मधल्या जर्मन-सोव्हिएत रणगाड्यांच्या लढाईचा. चाचणीत जर्मन बाजू घेणाराच बहुतेक वेळा जिंकतो. टायगर हा जड जर्मन रणगाडा मैदानात उतरला की सोव्हिएत टी-३४ रणगाडेवाल्याला काही सुचतच नाही. शेवटी एकाने टायगरचं समोरचं चिलखत १०० मिमीवरून ८० वर आणलं. त्यावर दुसरा भडकला: हा सरळसरळ सोव्हिएत पक्षपात! तिसरा म्हणतो, मूळ गेमच जर्मनांच्या बाजूचा आहे. तुमचं मत काय, आकडे बदलावेत का?

मधली_फळी:
बदला. ऑनलाइन खेळायचं तर दोघांनाही जिंकायची संधी हवी, नाहीतर हरणारी बाजू घ्यायला कुणी तयार होणार नाही. इतिहास एकट्याने खेळायच्या मोहिमेत दाखवा, मल्टिप्लेयरमध्ये संतुलन पहिलं.

रसद_आधी:
चिलखताला हात लावू नका, अशी कळकळीची विनंती. तो १०० मिमीचा आकडा खरा आहे. पक्षपात झालाय तो गेमने जे दाखवलंच नाही त्यात.

टायगरचं वजन सुमारे ५७ टन. त्याची चाकं एकमेकांवर चढवून बसवलेली, त्यामुळे आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची कितीतरी काढावी लागत. रशियन हिवाळ्यात चाकांमधला चिखल रात्रीतून गोठायचा आणि सकाळी रणगाडा जागचा हलत नसे. रेल्वेने न्यायचा तर ७२५ मिमी रुंदीचे पट्टे काढून ५२० मिमीचे चढवायचे, उतरवल्यावर पुन्हा उलट खटाटोप. बंद पडला तर ओढायला १८ टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या ओढगाड्या) दोन-तीन लागत. यातलं गेममध्ये काय दिसतं? बटण दाबलं की टायगर हजर, टाकी भरलेली, इंजिन ठणठणीत. जर्मन यंत्राचं बळ शंभर टक्के घेतलं आणि त्याची किंमत शून्य धरली, म्हणून तो अजिंक्य वाटतो. आता तुम्ही चिलखत पातळ केलंत तर एका खोटेपणावर दुसरा चढवल्यासारखं होईल.

पँथर या नव्या जर्मन रणगाड्याची तऱ्हाही तीच. कुर्स्कला सुमारे २०० पँथर पहिल्यांदाच लढाईत उतरले. बिघाड, सुरुंग आणि तोफांचा मारा यांमुळे थोड्याच दिवसांत त्यांतले मोजकेच चालते राहिले.

तोफखाना:
पटतंय. पण बिघाड आणायचा तर फासे टाकावे लागणार, आणि ऐन सामन्यात आपोआप बंद पडलेला रणगाडा कुणालाच आवडत नाही.

मधली_फळी:
अगदी हेच. नशिबावर हरलेला माणूस परत खेळायला येत नाही.

रसद_आधी:
फासे नकोतच. दोन गोष्टी करा.

पहिली, संख्या. कुर्स्कच्या हल्ल्यात टायगर दीडशेच्या आसपास होते. जर्मनांचा मुख्य भरणा पँझर ३ आणि ४ या टायगरहून हलक्या रणगाड्यांचा. मग सामन्यात एकच टायगर द्या, आणि तो गेला की गेला. कंपनी ऑफ हीरोज या गेममध्ये (२००६) किंग टायगर हा आणखी जड रणगाडा सामन्यात एकदाच बोलावता येतो. तो नर्फ केलाय अशी तक्रार कुणी करत नाही, उलट खेळाडू त्याला जिवापाड जपतो.

दुसरी जास्त महत्त्वाची: विजयाची अट. तुम्ही बहुधा जास्त रणगाडे फोडणाऱ्याला जिंकवताय. त्या हिशेबाने खऱ्या कुर्स्कलाही जर्मनच जिंकले असते, कारण सोव्हिएतांचे रणगाडे कितीतरी जास्त गेले. पण दक्षिणेकडून ओबोयान हे शहर गाठायचं होतं, ते जमलं नाही. सुरुंग आणि एकामागून एक संरक्षण रांगा यांत हल्ला रुतला. म्हणून जर्मन खेळाडूला ठरलेल्या वेळेत नकाशाचं पलीकडचं टोक गाठायला लावा. सोव्हिएत खेळाडूला सुरुंग, रणगाडाविरोधी तोफा आणि मागून येणारी राखीव फौज द्या. टी-३४ टायगरसमोर फुटू दे, वेळ तर खाल्ला ना!

मधली_फळी, समान संधी हवी हे मलाही मान्य. एज ऑफ एम्पायर्स २ या गेममध्ये अ‍ॅझ्टेकांना घोडेस्वार दिले नाहीत, ईगल वॉरियर हे चपळ पायदळ दिलं. इतिहासही राहिला, सामनाही बरोबरीचा झाला.

मधली_फळी:
अट बदलायची कल्पना मान्य. फक्त वेळ किती ठेवायची ते खेळून ठरवा, आणि दर वेळी बाजू बदलून खेळा, नाहीतर नकाशाचा दोष की खेळाडूचा हात, हे कळणार नाही.

तोफखाना:
१०० मिमी परत केलं. आता सुरुंगांची पहिली रांग आखतोय, सोव्हिएत बाजूच्या तोफा किती ठेवायच्या ते उद्या विचारतो.